फुटक्या फरशीचं गाव

आम्ही मूळचे चिकोडीकडचे. थोरला भाऊ, त्याला मी अण्णा म्हणायची, तो फरशी बसवायला बेंगळूरला आला आणि नवरा गेल्यावर त्याच्या मागनं मीबी आले, आता इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत झाडलोट करते. अण्णा आनेकलच्या पुढं एका रिकाम्या प्लॉटवर राखणीला ऱ्हायचा. काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं तिथं आमचं गाव उभं केलं. मोठ्या लोकांच्या न्हाणीघरातली फुटकी फरशी पोत्यात भरून आणायची आणि सिमेंटात एकेक माणूस घडवायचा. गिरणीवाला तुकामामा, मिशा काळ्या फरशीच्या. गंगाक्का, हातभर काचेच्या बांगड्यांचे तुकडे. आमची आई, कमरेवर घागर घेऊन.

सुट्टीला बस धरून मी जायची, आणि गेले की आधी स्वतःला शोधायची. सगळं गाव हाय, मीच न्हाई. अण्णा, बहीण तेवढी विसरलास व्हय रं? तो हसायचा. अगं येडे, तू जित्ती हाईस, जित्त्या माणसाचं रूप करू न्हये, आयुष्य तुटतंय. इथं गेलेलीच येत्यात. तुझी जागा ठेवलीय बघ. आईशेजारी खरंच एक रिकामा ओटा हुता.

मग अण्णाच गेला. तापाचं निमित्त. जुन्या मालकानं प्लॉट विकला, नवा मालक म्हणतो, अक्का, स्वल्प, म्हंजे जरा, लवकर हा कचरा हलवा. कचरा! तीच फरशी त्यांच्या घरात चकाचक, आमच्या गावात आली की कचरा? तुम्ही कॉलेजची पोरं हे गाव वाचवायला आलाय, म्हणता, अक्का, पत्रकावर सही करा, जेसीबी अडवू. केली सही. अडवा. पण माझं एक काम आधीचं हुतं. साऱ्या गावात अण्णा न्हवता. जित्ता माणूस स्वतःला करणार कसा?

मला थापी धराय येत न्हाई, तरी अण्णाला मीच घडवला. नाक वाकडं झालं, एक खांदा खाली आला, पण पोती वाहून खांदा त्याचा खालीच हुता. बसवला कुठं? आईशेजारी, माझ्या ओट्यावर.

माझी जागा गेली, जाऊ दे. तसंबी मला घडवणारा हात आता कुठाय? सुट्टीला जाते, त्याच्याशी बोलून येते, गाव हाय तवर. नव्या मालकाचं चांगलं होऊ दे. त्याच्या घरची फरशी कधी न फुटो बाबा, फुटली तर तिची माणसं करणारं आता कुणी न्हाई.