अबनूसची पांढरी पिल्लं

हॅलो? … हॅलो, मोठ्यानं बोल, मी गच्चीवर आहे, वारा आहे इथं… रिहाम? अगं, भर शाळेच्या वेळात? काय झालं? बरी आहेस ना?

… कुणी फोन केला? वाईलनं? शाळेत? … रडत होता? रडू दे. आईचं पोर आहे, आईसारखंच रडणार.

… हो. मीच पाठवलं. वाईलच्या घरचं बसबूसाचं, त्या रव्याच्या मिठाईचं ताट परत पाठवलं मी. … रिकामं? अगं, मी काय रानटी आहे? शेजारणीचं ताट रिकामं परत करायची रीत आपल्या झिफ्त्यात नाही. पिल्लं ठेवून पाठवलं. पांढरी. दोन. … सशाची गं! मग काय माझी?

… शुक्रवारचं? तुझ्या आणि वाईलच्या साखरपुड्याचं? ते मी मोडलं. फातिहा नाही, सरबत नाही, त्यांच्याकडच्या कुणीही आमच्या दाराशी यायचं नाही. … हो, सांगितलं ना! कठड्यावरून सांगितलं, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. … अगं ऐक ना… अगं ऐक तरी… रिहाम, आधी ओरडायचं थांबव. विद्यार्थिनी ऐकतील.

… काय रंगलेत? हात? कशानं? … कांद्याला रंग? आणि म्हणून फोन टेबलावर ठेवलायस? … बाई बाई. आम्ही तुला शिकवून बाई केलं आणि तू पोरींना कांद्याची मुळं रंगवायला लावतेस. आमच्या घरी कांदा परतायचा असतो, एवढं मला न शिकता कळतं. … असू दे, असू दे. बघू देत मुळं.

हां, आता ऐक. वाईलनं तुला अर्धंच सांगितलं असणार. माझी अबनूस तुला ठाऊक आहे. काळी कुळकुळीत. तिची आई काळी, आजी काळी, पणजी काळी. झिफ्त्यात कुणालाही विचार, या तफीदाचे ससे म्हटलं की काळे. खाण तशी माती. आणि आता सोयरीकच होणार म्हणून मी मोठ्या मनानं वाईलच्या आईचा नर आणला. तो बाशा. काळा, मान्य आहे, दिसायला काळाच. रीतीप्रमाणे ज्याचा नर त्यानं आधी पिल्लं निवडायची. मी म्हटलं, घ्या बाई, तुम्हीच आधी निवडा. … हो, तिथपर्यंत सगळं गोड होतं.

अबनूस व्याली. सात पिल्लं. उघडी होती तोवर काही कळलं नाही. मग लव आली, डोळे उघडले, आणि बघते तर दोन पांढरी! नुसती पांढरी नाही, डोळे लालबुंद. माझ्या पिंजऱ्यात!

… मी काय म्हणणार? म्हटलं, वाईलच्या आई, तुमच्या बाशाच्या घराण्यात काहीतरी लपवलंत तुम्ही. घ्या ही दोन, तुमचीच आहेत. तर ती म्हणते, मला काळी हवीत, पांढरी तुमच्या अबनूसची. माझ्या अबनूसची! उचलली जीभ लावली टाळ्याला! मग मी ताट पाठवलं, तिनं परत पाठवलं, मी परत पाठवलं…

… दूध? पितात गं, पितात. मधे मधे आणून पाजते मी. भांडण आपल्या जागी, लेकरं उपाशी ठेवायची का?

… आणि मला कारणही माहीत आहे. अबनूस गाभण होती तेव्हा त्या बयेनं रोज समोरच्या दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या. अगदी पिंजऱ्यासमोर! तिला दिवसभर दुसरं दिसणार काय? पोटात तेच उतरलं. … हसतेस काय? तुझ्या वेळी मी अंजिरं मागितली, तुझ्या बापानं आणली नाहीत, आणि तुझ्या दंडावर अंजिराएवढा डाग उठला. तो कुठल्या पुस्तकात आहे?

… बरं. नाही चादरीनं होत. मग कशानं होतं, सांगा बाई.

… हं… हं… पेशी. … कांद्याच्या मुळात एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. … आणि दोन व्हायच्या आधी आतलं सगळं लिखाण दुप्पट करून घेते? म्हणजे दोघींना पुरतं मिळतं? कुणाला कमी नाही? … अगं, मग माझ्या भावांनी बापाच्या जमिनीची वाटणी अशी का नाही केली? प्रत्येकाला सगळी जमीन! कांद्याला अक्कल आहे, माझ्या भावांना नाही. … हो, हो, पुढं बोल.

… पिल्लू करताना तसं नाही? … त्या लिखाणाच्या धाग्यांच्या जोड्या असतात. … जोडी फुटते, आणि आईकडून एकच जातो, बापाकडून एकच. … का पण? दोन्ही द्यायला काय जातं? … हां. दोघांनी दोन दोन दिले तर पोराचे चार, नातवाचे आठ… खरंच की. बाजाराच्या पिशवीसारखं फुगत जाईल. बरं, एकेकच.

… काय घेऊ? चिमटे? कपड्यांचे? … आहेत, पिशवीत आहेत. काळेही आहेत, पांढरेही. … थांब, फोन खांद्याशी धरते. … डाव्या खिशात एक काळा, एक पांढरा. ही अबनूस. उजव्या खिशात एक काळा, एक पांढरा. हा बाशा. … पण अबनूसच्या खिशात पांढरा कशाला? तिच्यात नाही पांढरं. … बरं, समज. समजते. नुसतं समजते हां, कबूल करत नाही.

… काळा एक असला तरी पिल्लू काळंच दिसतं? पांढरा मागे दडून बसतो? … म्हणजे काळा म्हणजे आपल्या घरातला तुझा बाप. तो बोलायला लागला की मी असूनही नसल्यासारखी. … हो गं, तो ‘प्रभावी’. त्याला सांगू नकोस, चढून बसेल.

डोळे मिटले. काढते हां. डावीकडून… काळा. उजवीकडून… काळा. बघ! काळं पिल्लू! मी म्हटलं नव्हतं? … परत ठेवू? ठेवले. … काळा आणि पांढरा. म्हणजे दिसायला काळं. … परत. पांढरा आणि काळा. हेही काळंच. बघ, तिन्ही काळी, कुठं आहे तुझं पांढरं? … आता चौथं पांढरंच येणार असं नाही? दर वेळी नव्यानं नशीब? … मग हिशेब कसला हा, सोंगट्या आहेत नुसत्या. … बरं, चिडू नकोस. काढते.

… अगं बाई! अगं… बाप पडला! … बाशाचा काळा चिमटा, कठड्यावरून खाली गेला! … चहावाल्या अतवाच्या टेबलावर. ओ अतवाभाऊ! तो चिमटा नाही, बाप आहे तो! अर्धा बाप! वर टाका! … टाकतोय, थांब… आला. आला बाप. … अतवा बघतोय माझ्याकडे कसा. बघू दे.

हां. काढते. डावीकडून… पांढरा. उजवीकडून…

…

… पांढरा.

… हो, ऐकू येतंय. दोन्ही पांढरे. … म्हणजे पिल्लू पांढरं. लाल डोळ्यांचं. … हं. … म्हणजे बापाकडून एक पांढरा आला. मी तेच म्हणत होते ना, बाशा लबाड! … आणि दुसरा? … दुसरा डाव्या खिशातून. … डाव्या खिशात कोण होतं?

… हॅलो? हॅलो, रिहाम, आवाज तुटतोय… ऐकू येत नाही… वारा फार आहे… हॅलो?

… नाही, आता येतोय. … नाही गं, मी कशाला सोंग करू?

… दोघांकडून आल्याशिवाय पांढरं होतच नाही. … एकट्या बाशाच्यानं नाही. … मग आधीच्या वेतांत का नाही दिसलं? इतकी वर्षं पिल्लं घेतेय मी! … आधीच्या नरात पांढरा नव्हताच, म्हणून? अबनूसचा दडून राहिला. … तिच्या आईतही असेल? आजीतही? पिढ्यान् पिढ्या? … आणि मी सगळ्या झिफ्त्यात मिरवत होते.

… पण रिहाम, आता मी काय तोंड दाखवू? मी तिला काय काय बोलले माहीत आहे? म्हटलं, सशात खोट लपवता, तर मुलात काय लपवलं असेल. … हो. असं म्हटलं. … वाईल ऐकत होता का? … होता. जिन्यात उभा होता बिचारा, हातात बर्सीमचा भारा. माझ्याच सशांसाठी आणलेला चारा.

… रिहाम? … रडतेस? … कांद्यानं? हो, कांद्यानं डोळ्यांना… अगं, कांदा चिरला तर रडू येतं, मुळं बघून कुणाला येतं? खरं सांग.

… हं.

… हो. मला माहीत आहे तू किती दिवस थांबलीस. त्यानं घराचा वरचा मजला बांधेपर्यंत थांबलीस, एकेक खोली करत बांधला त्यानं. मी रोज इथून बघायची. … तो चांगला आहे गं. मी कधी वाईट म्हटलं? मी त्याच्या सशाला वाईट म्हटलं. … रडू नकोस. तू रडलीस की मी ओरडते, माझा स्वभावच मेला तसा. चूक झाली माझी. झाली म्हटलं ना! आणखी किती वेळा म्हणू?

… आत्ता? आत्ताच बोलू? … तिकडंच, शेजारच्या गच्चीवर आहे ती. मघापासून एकच चादर झटकतेय, कान इकडं. … नको गं, संध्याकाळी बोलते. … बरं. बरं! फोन ठेवू नकोस. तू सोबत राहा.

ओ वाईलच्या आई! … बघत नाही. मुद्दाम. … काय म्हणू? … वेगळं काहीतरी? …

ओ… विहीणबाई!

… वळली! चादर टाकली हातातली.

विहीणबाई, ऐका! ती पांढरी दोन… अर्धी माझी आहेत! … अहो, अर्धी माझ्या अबनूसची! तुमच्या बाशाचा एकट्याचा दोष नाही! तिच्यातही होतं दडलेलं, मला माहीत नव्हतं! … नाही, उन्हानं नाही, शुद्धीवर आहे मी! रिहामनं सिद्ध करून दाखवलं, चिमट्यांनी! … आणि मी मुलाबद्दल जे बोलले ते… ते गिळा तुम्ही. मी गिळलं. माझी चूक.

… रिहाम, ती डोळे पुसतेय गं. … काय? काय म्हणता? … अगं, ती म्हणते, तिला वाईलनं हे सकाळीच समजावलं होतं. तिला सगळं पटलंही होतं. पण आधी मी बोलायची वाट बघत बसली! बघ, किती आतल्या गाठीची बाई! … नाही, नाही, भांडत नाही मी. हसतेय. … तीही हसतेय. कठड्याशी आली. हात धरलाय तिनं माझा, आता एका हातानं बोलतेय तुझ्याशी.

… काय विचारते ती? … शुक्रवार? अहो, शुक्रवार म्हणजे शुक्रवार! मोडलं कुणी? मी? छे! सगळी मंडळी घेऊन या! … अरे देवा, हिनं आनंदानं जीभ हलवत लूलूलू सुरू केलं. आता गल्लीभर होणार. थांब, मी पण… लूलूलूलूलू!

… हे काय? … तुझ्याकडूनही आवाज आला. … रिहाम, हे कोण ओरडलं? एवढ्या सगळ्या? … कुठं आहेस तू? … प्रयोगशाळेत, ते कळलं. पण पोरी मुळं बघतायत ना? … पूर्ण वर्ग ऐकतोय? … आणि फोन टेबलावर, स्पीकर लावून… म्हणजे पहिल्यापासून? ताटापासून? … तुझा बाप प्रभावी, तेही?

हाय माझं कपाळ! … फळ्यावर कुणी लिहिलं? अबनूसचं नाव? चारही पिल्लं काढली? … खिशांसकट? … पक्की आहेस. पोरगी कसली, वकील आहेस. वर्गभर साक्षीदार बसवून माझ्याकडून शब्द घेतलास. आता मी शुक्रवार मोडला तर तुझ्या शाळेच्या गावाला, सगळ्या टांट्याला कळेल.

… कोण बोलतंय? … विचार, विचार, बाळ, लाजू नकोस. नाव काय तुझं? … मर्यम? नाही? मरवा. हां मरवा, विचार. … बाईंची मुलं कुणावर जातील? … नाक कुणाचं येईल? आमच्याकडचं की वाईलकडचं?

थांब, विहीणबाईंना विचारते. … ती म्हणते, त्यांच्याकडचं आलं तर देवच वाली. मी म्हणते, आमच्याकडचं आलं तर दारातून आधी नाक आत येईल, मग पोर. … हो, हसा, हसा.

पण मरवा, खरं सांगू? नाक कुणाचंही येऊ दे, बाळ. पुसायला आम्ही दोघी आज्या इथं गच्चीवर बसलोय.

चला, कांद्याकडं बघा आता. ठेवते.