बत्ताशाचा रोडगा

पेटीवाले बुवा, जरा थांबा. टाळकरी, तुम्हीही. देवाचं नाव घ्यायचंच आहे, पण त्याआधी मला एक सवाल विचारायचाय. मंडळी, डोळ्यांत पाणी आलं म्हणजे मनात दया आली का हो? — नुसती मान डोलवू नका! मान नंदीबैलही डोलवतो! रडलं की झालं का काम? सांगता येत नाही ना? मग ऐका.

गाव होतं बोरखेडी. गावाबाहेर माळावर खंडोबाचं देऊळ. चंपाषष्ठीला मोठी यात्रा भरायची. आणि काळ कुठला? सिनेमा मुका होता तेव्हाचा! पडद्यावरची माणसं ओठ हलवायची, आवाज नाही! पडद्याशेजारी तंबूवाला उभा राहायचा आणि सांगायचा, “आता हा असं म्हणतोय, आता तो तसं म्हणतोय.”

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी तंबू लागला. अख्खं गाव आत. पुढच्या सतरंजीवर कोण? यात्रेचे पंच, बयाजीराव इंगळे! जरीचा फेटा, मिशीला तूप, पायात नव्या कोऱ्या वहाणा — करकर वाजणाऱ्या!

सिनेमा काय? एक लांबुडका गरीब माणूस. हातात छत्री, पण छत्रीला कापड नाही, नुसत्या काड्या! पाऊस आला की ती छत्री तो कुणावर धरतो? स्वतःवर नाही, एका भटक्या कुत्र्यावर! लोक हसून हसून लोळले. मग त्यानं पाव चोरला, पाववाला मागे धावला आणि धपकन पिठाच्या पिंपात! बयाजीराव इतके हसले की फेटा सुटला.

आणि मग, मंडळी, थंडी पडली. निराधारांच्या घराचं दार उघडलं. दारवान म्हणाला, “तू आत ये. अंथरूण आहे, गरम जेवण आहे. कुत्रं मात्र बाहेर.” त्या माणसानं आत बघितलं. कुत्र्याकडे बघितलं. आणि माघारी फिरला! पायरीवर बसला कुत्र्याला पोटाशी घेऊन. अहो, तंबूत हुंदके! बायकांचे पदर डोळ्यांना. बयाजीराव? उपरण्यात तोंड घालून रडताहेत!

तेवढ्यात — भो! भो! भो!

पडद्यावरचं कुत्रं तर मुकं! मग भुंकलं कोण?

तंबूच्या कनातीच्या फटीतून दोन तोंडं आत बघत होती. एक सखाहरीचं. हा जात्याला टाकी लावणारा. म्हणजे दळून दळून गुळगुळीत झालेलं जातं छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून देणारा. गावात पिठाची चक्की आली, जाती कोपऱ्यात गेली, सखाहरीचं पोट गेलं. आणि दुसरं तोंड बत्ताशाचं. त्याचं कुत्रं. बत्ताशासारखं पांढरं म्हणून बत्ताशा. पांढरं कसलं, धुळीनं चहासारखं झालेलं! पडद्यावर जातभाई दिसला, त्यानं आपला रामराम घातला. एवढाच गुन्हा.

बयाजीराव ओरडले, “हाकला रे ते कुत्रं! रंगाचा बेरंग केला!” आणि बघा हं, मंडळी — एका हातानं डोळे पुसले आणि दुसऱ्या हातानं पायातली वहाण काढून फेकली! बत्ताशाच्या बरगडीत बसली ती. क्यांव! सखाहरीनं त्याला उचललं आणि निघून गेला. गालावरचं पाणी अजून वाळलंसुद्धा नव्हतं बयाजीरावांच्या!

हसू नका. म्हणजे हसा, पण जपून.

उजाडली चंपाषष्ठी. खंडोबाच्या बरोबर कुत्रं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. बोरखेडीची रीत अशी की बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत आधी देवाला, मग कुत्र्याला. कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय गावात कुणी घास उचलायचा नाही! पानं मांडली. भरिताचा वास सुटला. आणि कुत्रंच नाही! का? पंचांनीच चार दिवस आधी सगळी भटकी कुत्री काठ्या मारून ओढ्यापलीकडे हाकलली होती. पाव्हण्यांना त्रास नको म्हणून!

बयाजीराव म्हणाले, “काळजी नको, माझा वाघ आहे!” घरचं कुत्रं आणलं. गळ्यात घुंगरू. पण तानूबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, सकाळपासून त्याला लाडानं शिरा चारलेला! वाघानं रोडगा हुंगला, जांभई दिली आणि आडवा झाला.

उन्हं चढली. पोरं रडायला लागली. गुरव म्हणाला, “बयाजीराव, आता एकच कुत्रं उरलं. कालचं.”

सखाहरी देवळाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसला होता. वर्षातून एकदा पोटभर मिळतं ते या पंगतीत, म्हणून आलेला. पण कालच्यानंतर आत यायची छाती होईना. पंच त्याच्याकडे गेले. काय म्हणाले असतील? “ये बाबा, जेवायला बस”? छे! म्हणाले, “सखाहरी, कुत्रं तेवढं आत सोड. तू इथंच थांब. पंगतीत गर्दी आहे.”

मंडळी, काल पडद्यावर दारवान काय म्हणाला होता? हेच ना? उलटं करून हेच!

सखाहरी म्हणाला, “जा बत्ताशा. देवाचं बोलावणं आहे.”

बत्ताशा लंगडत आत गेला. गुरवानं ताट पुढे केलं. त्यानं रोडगा तोंडात धरला. “येळकोट येळकोट जय मल्हार!” भंडारा उधळला! — आणि बत्ताशा फिरला माघारी! माणसांच्या तंगड्यांतून, पानांवरून, सुसाट! पंगत हसली. “अरे धरा, पळाला!” सगळे मागे धावले, कालचा पाववाला धावला तसे.

झाडाखाली आले आणि थांबले. बत्ताशानं रोडगा सखाहरीच्या मांडीवर ठेवला होता. स्वतः समोर बसून वाट बघत होता.

सखाहरी घाबरून उठला. “रागावू नका मालक. त्याला सवय आहे. मी तोंड लावल्याशिवाय तो खात नाही.”

त्यानं रोडगा मोडला, एक घास स्वतः खाल्ला. मग बत्ताशानं खाल्लं. गावाचा उपास सुटला, पण जागचं कुणी हललं नाही.

बयाजीराव कसंबसं म्हणाले, “सखाहरी... आत चल. पानावर बस.”

“येतो की मालक. पण आधी हे घ्या.” आणि त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वहाण! पुसून, चिखल काढून ठेवलेली. “काल तुमची राहिली. एक पाय अनवाणी गेला असाल घरी. काटाकुटा असतो.”

बयाजीरावांनी ती वहाण हातात घेतली. काल ढसाढसा रडलेला हा माणूस, आज डोळ्यांत टिपूस नाही. लाजेनं कान तापले, मान वर होईना. मी सांगतो, मंडळी, दया आली ती त्या घटकेला. वहाण काखोटीला मारून त्यांनी सखाहरीचा हात धरला, त्याला आपल्या पानावर बसवलं आणि वाढायला स्वतः उभे राहिले. बत्ताशा शेजारी.

झालं आख्यान. आता तुमच्याकडे येतो. बऱ्याच जणींचे पदर डोळ्यांना लागलेत, मला इथून दिसतंय. आणखी एक दिसतंय. मघाशी मी मांडवात शिरलो तेव्हा दाराशी एक म्हातारी उभी होती, कडेवर कुत्र्याचं पिल्लू. आपल्या स्वयंसेवकानं काठी आडवी धरली आणि म्हणाला, “महाराज, तुम्ही या. ही रोजचीच आहे.”

ती अजून तिथंच उभी आहे. मागे वळून बघा की!

पदर खाली घ्या, बाई. त्या काठीवाल्याला बाजूला करा आणि पुढे जागा करा तिला. दोघांना. तोवर पेटी मिटलेलीच राहू द्या.