दोन टेबलांमधला वळसा

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घातल्यामुळे घड्याळजीला पापण्या मिटून बसणे भाग होते. कानांना मात्र कोणी पथ्य सांगितले नव्हते. शेजारच्या बाकावर एक मुलगी आपल्या काकापुढे कागद उलगडत असल्याचे ऐकू येत होते.

"काका, आपल्या कारखान्यात कातडं आल्यापासून बूट खोक्यात जाईपर्यंतची सगळी वाट या नकाशासाठी मी मालामागून चालले. एकच कोडं सुटलं नाही. तुम्ही कापलेले सोल वरच्या गोदामात कशाला जातात?"

"तिथून शिवणीला येतात."

"शिवणीचं टेबल तुमच्या टेबलाला लागून आहे. हात लांबवला तरी पोचतील."

"पद्धत आहे तशी."

"कुणी पाडली?"

"तुझ्या बापाला विचार. शिवणीला तोच बसतो."

"बाबा म्हणतात, तुझ्या काकाला विचार."

"बघ! खोड गेली नाही अजून."

"उद्या हा नकाशा भिंतीवर लागेल. मालक विचारतील, हा वळसा कशासाठी? सख्ख्या भावांचा अबोला आहे म्हणून, असं सांगू?"

घड्याळजीने नकळत एक पापणी किलकिली केली. प्रकाशात विरघळलेल्या दोन आकृत्यांपलीकडे काही दिसले नाही.

"वळसा खोड. सरळ रेघ काढ."

"खोटी रेघ मी काढणार नाही."

"खोटी कशी? उद्या पहिला गठ्ठा मीच ठेवतो त्याच्या टेबलावर."

"आणि बाबांनी उचललाच नाही तर?"

"माल नुसता पडून राहिला की नकाशात तुम्ही काय खूण करता?"

"त्रिकोण."

"मग काढ त्रिकोण. पण त्याच्या बाजूला काढ, माझ्या नाही."