माझ्यासाठी डिलीट

दातांच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीतल्या काकूंनी पलीकडे बसलेल्या मुलीपुढे मोबाइल धरला.

“अगं, ही एकच टिक म्हणजे काय गं?”

“मेसेज तुमच्याकडून निघालाय, पण समोरच्याच्या फोनवर पोचला नाही.”

“मुलगा विमानात आहे माझा. फोन बंद असेल.”

“मग उतरून चालू केला की दोन टिक होतील. वाचलं की निळ्या.”

“स्वेटर बॅगेत ठेवल्याचा हा मेसेज पोचू दे. त्याखालचा मी पुसून टाकलाय.”

“कसा पुसलात?”

“डिलीट केला. ‘सगळ्यांसाठी’ की ‘माझ्यासाठी’ असं विचारलं. मीच पुसत होते, म्हणून ‘माझ्यासाठी’ दाबलं.”

“काकू, त्यानं फक्त तुमच्या फोनमधला जातो.”

“म्हणजे त्याला मिळणार?”

“हो.”

“मग आता तू ते ‘सगळ्यांसाठी’ दाब.”

“इथं तो दिसतच नाही, दाबणार कशावर? काय लिहिलं होतंत एवढं?”

“बापाला न भेटता निघून गेला गं. रागाच्या भरात लिहिलं, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस म्हणून.”

“मग दुसरा पाठवा. आधीचा वाचू नकोस म्हणावं.”

“तसं म्हटलं तर पहिला तोच वाचेल. लहानपणापासून तसलाच आहे.”

“काकू, दोन टिक झाल्या.”

“अगं बाई! हा घे फोन, तूच लिही पटकन.”

“तुम्ही सांगा, मी टाइप करते.”

“लिही, की... असं लिही, की...”

“काय लिहू?”

“निळ्या झाल्या गं.”