अकरा नंबरची पेटी

उन्हात नको बसूस, पोरी — इकडं सरक, झाडाच्या — हां, तिथं, गारव्याला. हसतेस काय? या गारव्याला साधा शब्द आहे, तुम्ही दिवसातून दहादा म्हणता, मी नाही म्हणत. एकतीस वर्षं झाली लग्नाला, एकदाही नाही. सासऱ्यांचं नाव तेच ना! सुनेनं ते घ्यायचं नाही, त्या नावाचा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही — आईनं शिकवलं नाही तुला? डर्बनला वाढलीस, तिथं कोण शिकवणार.

तर तुमच्या खाणीचा तो नकाशावाला आला होता हिवाळ्यात — आपल्यातला नव्हता, पण चांगला होता बिचारा, दोन वाट्या अमासी, आपलं आंबट दूध, प्यायला. गुरं कुठं चरतात, पाणी कुठून आणता, सगळं लिहून घेतलं. मग गोठ्याजवळच्या दगडांकडं बोट केलं — कबर का? म्हटलं, कबर. कुणाची? आता काय सांगू? नोझिफोचे बाबा इस्पितळात, घरात मी एकटी. म्हटलं, माझ्याकडं नाव नाही. म्हणजे मला घेता येत नाही, गं! आपल्यातल्या कुणालाही कळलं असतं. त्यानं लिहिलं — निनावी. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. सुटले एकदाची, रीत मोडली नाही.

निनावी म्हणजे घरचं कुणी नाही, मग विचारायचं कुणाला? मी इस्पितळात गेले होते, परत आले तर खड्डा. मेलेल्याला ज्या काटेरी फांदीवर बसवून न्यायचं, ती कुणी आणली नाही, ‘चला बाबा, घर बदलायचंय’ म्हणून हाक मारली नाही. नावानं बोलावल्याशिवाय म्हातारा हलतोय का? हाडं पेटीत घालून गेली तुमच्या गाडीतून, तो इथंच बसलाय.

नवी सून होते तेव्हा माझी लापशी रोज करपायची. सासू तोंड सोडायची — आणि सासरे म्हणायचे, मला करपलेलीच आवडते. मग काय, मरेपर्यंत करपलेली खाल्ली गं त्यांनी.

उद्या नोझिफोचे बाबा घरी येतायत. आल्या आल्या आधी वडिलांकडं जातील, ‘आलो’ म्हणून सांगायला. त्यांना काही माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का नको — नाही, डॉक्टर कुठले म्हणतायत, माझीच जीभ उचलली नाही.

हा कागद कसला? नाव लिहिलं की अकरा नंबरची पेटी आमची? आणि परत इथं आणता येईल? …नकाशावर कुठं आहे बघू आमचा गोठा. हे काळं? खाणीतल्या मातीचा ढीग. आराखडा पक्का झाला म्हणतेस.

बरं. पेन काढ. लिही — म्थुन्झी. म्थुन्झी झुंगू. झालं. एवढंच तर होतं. हिवाळ्यात हेच निघालं असतं तोंडातून, तर म्हातारा घरी असता.

तू कशाला रडतेस? कागद भिजेल. ऊठ, जा आता. ऊन चढलंय — सावलीसावलीनं जा.