पंधराशे रोपं आणि उघडा माथा

सभेचे अध्यक्ष आदरणीय नरसिंहमूर्ती सर, आजचे सत्कारमूर्ती वेंकोजीराव, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी इंदिराबाई, आणि अग्रहारातल्या या सभागृहात जमलेल्या म्हैसूरकर मराठी बंधुभगिनींनो,

मी अदिती. नोकरीसाठी सांगलीहून म्हैसूरला आले आणि इथल्या विजयनगरातलीच झाले. कापड रंगवणाऱ्यांच्या घरात जन्मून बत्तीस वर्षं कुद्रेमुखच्या राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक म्हणून डोंगर तुडवलेल्या माणसाबद्दल मी काय बोलावं? कौतुक सगळ्यांनी केलंच आहे. मी त्यांच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीबद्दल बोलते.

हसू नका, खरंच केली होती.

सहा वर्षांपूर्वी, जूनच्या आरंभी, पाऊस यायच्या आधी आमच्या कंपनीची माणसं आणि पंधराशे रोपं घेऊन मी तिथं पोचले. परवानगी पायथ्याची होती. मला मात्र माथा हवा होता. किती उघडाबोडका दिसत होता तो! शिवाय फोटो छान आले असते. वेंकोजीराव टेम्पोसमोर उभे राहिले.

"बेडा मॅडम, नको. वर एक रोप जाणार नाही."

मी तिथूनच त्यांच्या साहेबांना फोन लावला. उद्धट वागणूक, असं सांगितलं.

"झालं?" ते शांतपणे म्हणाले. "आता स्वल्प माझ्यासंगट चला."

तासभर चढलो. माथ्यावर वारा असा, की उभं राहवेना. त्यांनी मला गवताच्या मुळांत हात घालायला लावला. आत गार ओल!

"गेल्या पावसाचं पाणी हे. गवत धरून ठेवतंय, हळूहळू खाली सोडतंय."

दोन पावलांवर गवतात वाटीएवढं घरटं होतं, ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी. माझा बूट वीतभर अंतरावर.

मग दोन उतारांच्या खोबणीतल्या रानात उतरलो. शोला म्हणतात त्याला. आत शिरलो आणि ऊनच संपलं. शेवाळलेली खोडं, पाचोळा, आणि झऱ्याकाठी एक कस्तूर पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालत होता.

"झाडं पायजेत न्हवं तुम्हाला? ही बघा. ह्यांनी आपली जागा आपण निवडलीया. वरचं गवत गेलं, तर हा झरा गेला. मग तुंगेला, भद्रेला काय पाठवायचं?"

मी खाली उतरले. रोपं पायथ्याला लावली, तक्रार मागं घेतली. पण कागद पुढं गेला होता. चौकशी संपेपर्यंत वेंकोजीराव अकरा दिवस इथं घरी बसून होते. चूक माझी, असं मी लिहून दिलं, तेव्हा प्रकरण मिटलं. त्यांनी मला कधी एक शब्द सुनावला नाही. उलट दर वर्षी वर नेलं, गवताची नावं शिकवली.

पण मागच्या महिन्यात त्यांच्या लेकीनं, अनुषानं मला सांगितलं, की ते अकरा दिवस आई रोज सकाळी बाबांच्या गणवेशाला इस्त्री करायची. उद्या बोलावणं येईल म्हणून.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. इंदिराबाई, तुमच्याकडे मात्र बोलण्याची नाही, वागण्याची माफी मागायची राहिली होती. ती या सगळ्यांसमोर मागते, आणि बसते.