घरच्या वाफ्यातला मुळा

चहा तुम्ही घ्या, मले नाही जाऊन राहिला. डॉक्टरीणबाईच्या फोनची वाट पाहून राहिलो.

बायकोले आठवा महिना लागला ना. कच्चं काही खायचं असन तर चांगलं धुऊनच, असं बाईनं बजावलं होतं. बाजारातली काकडीही मी चोळून-चोळून धुतल्याबिगर तिच्या हाती देत नाही.

आज सकाळी बोरगावहून सासरे मुळे घेऊन आले. मी जुडी नळाखाली धरली, तर म्हणाले, "काय धुता जावईबापू? फवारा आम्ही विकायच्या मालावर मारतो. घरच्या वाफ्यावर थेंब नाही पडू देत."

बायकोनं माझ्या हातातून मुळा ओढला, ओढणीनं पुसला अन् कचकन चावला.

फवारा नाही म्हटल्यावर माझंही भेव गेलं. सहज विचारलं, "मामाजी, औषध नाही, तरी एवढे जाड कसे झाले?"

"अहो, यंदा ढोरं तिथंच बांधून राहिलो ना! गोठ्याचं सारं पाणी सरळ वाफ्यातच जाते."

म्या वळून पाह्यलं. बायकोच्या हातात फक्त पाला उरला होता, अन् मामाजी दुसरा मुळा पुढं करून राहिले होते.